जुन्या सोल ढंगाचं, पण आजच्या बोलीतलं मराठी प्रेमगीत : घरी रेकॉर्ड करायचं तर काय काय सांभाळावं?

चिऱ्याचं_घर
मंडळी, चाल तयार आहे, शब्द अर्धेमुर्धे आहेत. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चच्या वळणाचं गाणं. डोळ्यासमोर नमुना आहे तो लिऑन ब्रिजेस किंवा ऑलिव्हिया डीन यांच्यासारख्या आजच्या गायकांचा: वाजवणं साठच्या दशकातलं, बोलणं मात्र आजचं. पण डेमो ऐकला की गिटार घेतलेलं भावगीत वाटतं, सोल नाही. वर मोबाइलच्या ॲपमधून जुन्या तबकडीची खरखर टाकली, तर जास्तच खोटं वाटायला लागलं.

हाताशी काय आहे ते सांगतो. ॲकॉस्टिक गिटार, साधा इलेक्ट्रिक बेस, भजनाची पेटी, ढोलकी, लग्नाच्या बँडमधला एक ट्रंपेट. दोन इनपुटचा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर. घर जांभ्याचं, वर कौलं, पडवीवर पत्रे. गाणाऱ्याची पट्टी काळी दोन. ठिकाण रत्नागिरी, म्हणजे हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. सुरुवात कुठून करावी?

खालीची_टाळी
सुरुवात तालापासून. बाकी सगळं नंतर.

संथ सोल गाण्यांचा मोठा भाग १२/८ मध्ये असतो. एका बारमध्ये बारा बारीक मात्रा, तीन-तीनचे चार गट. आपल्या हिशोबाने दादऱ्याची दोन आवर्तनं. आता गंमत बघा. दादरा म्हणजे धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेवर सम, चौथ्यावर खाली. सोलमध्ये स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) पडतो चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर, म्हणजे नेमका दोन्ही आवर्तनांच्या खालीच्या जागेवर! आपला वादक जिथे हात हलका करतो, तिथे त्यांचा सर्वांत मोठा आघात. तुमचा डेमो भावगीत वाटतो त्याचं निम्मं कारण इथे असणार. ढोलकीवाला सवयीने समेवर वजन टाकत असेल.

करायचं असं. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि प्रत्येक टिकेत तीन मोजा, म्हणजे मात्रा १८० च्या लयीत आली. मेट्रोनोमची टिक १, ४, ७ आणि १० वर पडेल. आधी वाद्य न घेता फक्त ४ आणि १० वर टाळी देत चाल गुणगुणा. समेवर टाळी आपोआप यायला बघेल, ती दाबायची. दहा मिनिटं न चुकता जमलं की मगच गिटार उचला. गिटारवरही पूर्ण झंकार नको. बारीक तीन तारांवर छोटी पकड, ४ आणि १० वर 'चिक', आणि लगेच डाव्या हाताची बोटं सैल करून आवाज तोडायचा. मधल्या मात्रा रिकाम्या सोडायला धीर लागतो, पण त्याच सोडायच्या आहेत.

अजून एक. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे वादक स्नेअर किंचित उशिरा वाजवायचे. तो उशीर आणला की गाणं लगेच मागे रेलतं.

दर्यातला_खडक
एक दुरुस्ती. मुद्दाम उशिरा पडणारी ती टाळी मोटाउनची नव्हे, मेम्फिसच्या स्टॅक्स या कंपनीची. १९६५ साली गायक विल्सन पिकेटच्या रेकॉर्डिंगच्या वेळी निर्माता जेरी वेक्सलरने 'जर्क' नावाचा नाच करून दाखवला आणि ड्रमर अल जॅक्सन व गिटारिस्ट स्टीव्ह क्रॉपर यांनी टाळी त्या हिशोबाने मागे खेचली. डेट्रॉइटच्या मोटाउनची तऱ्हा निराळी. त्यांच्या कितीतरी गाण्यांत स्नेअर चारही ठोक्यांवर सरळ पडतो. दोन्ही शहरांचं एकाच गाण्यात घातलंत तर धड हे नाही, धड ते नाही.

संथ प्रेमगीत असेल तर मेम्फिस धरा. कंप्युटरवर ड्रम लावत असाल तर फक्त स्नेअर १० ते २० मिलिसेकंद मागे सरकवा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस जागेवर ठेवा, सगळंच सरकवलं तर काहीच सरकत नाही. ६० च्या लयीत एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची असते, तेव्हा २० म्हणजे फार नव्हे. ४० च्या पुढे गेलात की वादक झोपलाय असं वाटेल.

खालीची_टाळी
बरोबर, माझी गल्लत झाली. स्टॅक्सच.

चिऱ्याचं_घर
मग ढोलकी काढूनच टाकू का?

खालीची_टाळी
काढू नका, काम बदला. शाईची बाजू शक्यतो वाजवूच नका, ती खणखणीत 'ना' आली की लावणीची आठवण येते. फक्त धूम्याकडून, म्हणजे खर्जाच्या बाजूकडून, किकचं काम घ्या, १ आणि ७ वर. घुमारा लांबतोय असं वाटलं तर कातड्याच्या कडेवर घडी घातलेला पंचा ठेवा. स्नेअरसाठी वेगळी वस्तू लागेल. खरा स्नेअर नसेल तर कहोन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) चालेल, तोही नसेल तर टाळ्याच. तीन माणसं माइकपासून पाचेक फुटांवर उभी करून टाळ्या घ्या. एकाच माणसाच्या टाळीच्या तीन प्रती केल्या तर त्या एकमेकींवर तंतोतंत बसतात आणि प्लास्टिकसारख्या वाजतात.

पावसाळ्यात धूम्या दर तासाला उतरतो, हे गृहीत धरा. प्रत्येक टेकच्या आधी सूर तपासा. दोन टेक जोडायची वेळ आली आणि मध्ये धूम्या अर्धा सूर उतरलेला असला तर तो सांधा लपत नाही.

पेटीमास्तर
पट्टीबद्दल. काळी दोन हे तुमचं नशीब समजा. काळी दोन म्हणजे ई फ्लॅट. गिटारवाले काळ्या पट्ट्यांना घाबरतात, पण ट्रंपेट स्वतःच बी फ्लॅटमधलं वाद्य, त्यामुळे त्याला काळी दोन, काळी पाच आणि पांढरी चार या घरच्या पट्ट्या. तुम्ही ई फ्लॅटमध्ये असाल तेव्हा ट्रंपेटवाला एक स्वर वर, म्हणजे एफमध्ये वाजवतो. त्याला चाल सरगममध्ये सांगितलीत तरी चालेल, फक्त 'तुमचा सा एफ' एवढं आधी स्पष्ट करा. हे न सांगता 'ई फ्लॅट' म्हणालात तर तो स्वतःचा ई फ्लॅट लावणार आणि तो एकटा बाकीच्यांच्या एक स्वर खाली वाजणार. उलट तुम्ही गिटारच्या सोयीसाठी पट्टी ई किंवा ए केलीत, तर त्याच्या वाट्याला पाच-सहा शार्प येतात आणि सूर डळमळतात.

गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावा आणि डीच्या पकडी धरा. डी, बी मायनर, ई मायनर, ए सेव्हन. ऐकू येतील ई फ्लॅट, सी मायनर, एफ मायनर, बी फ्लॅट सेव्हन. सोलमधली ही रुळलेली वाट आहे, कंटाळवाणी वाटली तरी बदलू नका. नवेपण मधल्या कडव्यात आणा. तिथे जी धरा आणि पुढच्या बारला जी मायनर, मग परत डी. ऐकणाऱ्याचा जीव गलबलतो तो या जागी, कारण शुद्ध धैवत उतरून कोमल होतो. पण त्या बारमध्ये गाणाऱ्याने शुद्ध धैवत धरून ठेवला तर कोमल आणि शुद्ध एकमेकांवर घासतात. बेसूर झाल्याचा आळ मग गाणाऱ्यावर येतो, चूक मात्र चालीची असते.

आता पेटी. सोलमधल्या हॅमंड या विजेच्या ऑर्गनची जागा ती बऱ्यापैकी भरून काढते, पण भजनासारखी वाजवायची नाही. कपलर (दुसऱ्या सप्तकातला स्वर आपोआप जोडणारी सोय) बंद, उजव्या हाताने फक्त दोन स्वर, एका बारला एकच बदल. चालीच्या मागे मागे धावली की भजन सुरू झालंच म्हणून समजा. भाता एकसारखा, छोट्या हाताने चालवा. माइक पेटीच्या मागे भात्याजवळ नको, तिथे फटफट येते. वरून तिरका, दीड फुटावर ठेवा. १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. मग लेस्ली या ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरचा आभास देणारा फुकट प्लगइन लावा: संथ फेरा सेकंदाला पाऊण, जलद फेरा सहा-सात. कडव्यात संथ, धृपदात जलद. बदल धृपदाच्या आधी अर्धा बार करा, कारण खऱ्या लेस्लीच्या चक्राला वेग घ्यायला वेळ लागतो.

आणि हे सर्वांत आधी करा: पेटीचा 'ए' ट्यूनरवर बघा. जुन्या पेट्या ४४० वर क्वचितच असतात. समजा ४४३ आला, म्हणजे बारा सेंट वर. गिटार, बेस, ट्रंपेट सगळे तिच्याप्रमाणे लावा, कारण तीच एक जण सरकत नाही.

झीलकरी
पेटीमास्तरांशी एका जागी मतभेद. भजनाची इतकी धास्ती कशाला? सोल निघालं तेच मुळी चर्चच्या गाण्यातून. गायक रे चार्ल्सने पन्नासच्या दशकात देवाच्या चालींवर प्रेमाचे शब्द बसवले तेव्हा लोक चिडले होते. सॅम कुकही आधी 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल, म्हणजे चर्चची गाणी गाणाऱ्या, मंडळींत होता. बुवाने ओळ टाकायची आणि मागून झील यायची, हा साचा डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) ऐकणाऱ्याला शिकवावा लागत नाही. तोच वापरा.

फक्त झीलने बुवाची पूर्ण ओळ परत म्हणायची नाही. ओळीतला शेवटचा एक शब्द उचलायचा, किंवा नुसता 'हो'. दोन आवाज पुरेत: एक चालीच्या तीन स्वर वर, एक खाली. माइक एकच, दोघं दोन पावलं मागे. आणि झील बुवाच्या श्वासात शिरली पाहिजे, शब्दावर नाही.

माडाखाली
बेस. गाण्याची अर्धी जान इथे आहे आणि यावर कोणी बोललं नाही.

मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ चा प्रिसिजन बेस वाजवायचा. तारा फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या), पुलाजवळ (ब्रिजजवळ) फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. तुम्हाला वेगळा बेस घ्यायची गरज नाही. फ्लॅटवाउंड तारांचा एक संच घ्या, महाग असतो पण वर्षानुवर्षं टिकतो. जेमरसन तार तुटल्याशिवाय बदलत नसे. खाऱ्या हवेत आपल्याकडे हाच मोठा फायदा, कारण नेहमीच्या राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या) तारांच्या खाचांत घाम आणि मीठ बसतं आणि दोन-तीन महिन्यांत गंज. भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग कापा, साधारण एक इंच रुंद, आणि पुलाच्या अगदी लगत तारांखाली सरकवा. तार वर उचलली जाता कामा नये, फक्त टेकली पाहिजे. टोनचं बटण अर्ध्याच्या खाली.

यात एक खड्डा आहे. असा बेस हेडफोनवर लोण्यासारखा लागतो आणि मोबाइलवर गायब होतो. मोबाइलच्या स्पीकरला साधारण २०० हर्ट्झच्या खालचं काही धड वाजवता येत नाही, आणि स्पंजने वरचे अंश आधीच खाल्लेले असतात. उपाय आवाज वाढवणं नव्हे. बेसच्या ट्रॅकची प्रत काढा, तिला थोडी फाटेपर्यंत सॅच्युरेशन द्या, ३०० च्या खालचं कापा आणि मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा. वेगळी ऐकू आली तर जास्त झाली.

गिटारबद्दल: पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, वरची फळी फुगते, पूल वर येतो, तारा पडद्यांपासून लांब जातात. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असावं. साडेतीन झालं असेल तर आधी ट्रस रॉडला (गिटारच्या मानेतल्या सळईला) हात लावू नका. गिटार तिच्या केसमध्ये बंद करून आत पाव किलो सिलिका जेल कापडी पिशवीत ठेवा, चार-पाच दिवस बघा. निळं जेल गुलाबी झालं की ते भरलं. निळ्या जेलमधलं कोबाल्ट चांगलं नव्हे, तेव्हा परत सुकवताना ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचं नाही, जुनी कढई त्यासाठी वेगळी काढा. नाहीतर नारिंगी जेल घ्या. अंतर तरीही उतरलं नाही तर रॉड पाव फेरा, त्याहून जास्त एका दिवसात नाही.

चिऱ्याचं_घर
स्पंज लावला. फरक जमीन-अस्मानाचा आहे. आता शब्दांचं बघतो. सध्याची ओळ आहे: 'तू वाचलेस हे मज ठाऊक आहे'. गाणं तिच्या न आलेल्या उत्तराबद्दल आहे.

उलटा_फोन
'मज' आधी काढा. आजच्या कुठल्या मुलाने कुठल्या मुलीला 'मज ठाऊक आहे' म्हटलंय? सोलचा सगळा डाव हा की गाणारा समोर बसून बोलतोय. 'वाचलेस' नाही, 'वाचलंस'. 'माझे-तुझे' नाही, 'माझं-तुझं'. हे केवळ बोलीसाठी नाही, गळ्यासाठीही आहे. 'माझे'तला ए लांबवला की तोंड आडवं ताणतं आणि आवाज पातळ होतो. 'माझं'चा शेवट उघडा आहे, हवा तितका ओढा.

दुसरं, ओळीच्या शेवटी 'आहे'. मराठी कवितेला लागलेली ही जुनी खोड. दोन मात्रा फुकट जातात आणि शेवटचा स्वर काही सांगत नाही. ओळ अशी करा:

तू वाचलंस, मला दिसतंय

आता ही बसवू. उच्चारात सात तुकडे पडतात: तू, वाच, लंस, म, ला, दिस, तंय. पहिली मात्रा रिकामी. 'तू' दुसरीवर. 'वाच' चौथीवर, म्हणजे टाळीवर. 'लंस' सहावीवर. सातवी, आठवी रिकाम्या. 'म' नववीवर निसटता, 'ला' दहावीवर, पुन्हा टाळी. 'दिस' बारावीवर आणि 'तंय' पुढच्या बारच्या समेवर. म्हणजे या बारमधल्या दोन्ही समा तुम्ही टाळल्यात आणि दोन्ही टाळ्यांवर वजनदार अक्षर आलं. तीच ओळ 'तू' समेवर घेऊन म्हणून बघा, लगेच शाळेतली प्रार्थना होते.

अजून एक बारीक गोष्ट: 'वाच'मधला च दंत्य आहे, त्याला सकार चिकटतो. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता हनुवटीच्या उंचीवर, थोडा बाजूला धरा.

ओटीवरचा_झोपाळा
थोडा विरोध नोंदवतो. बोली म्हणजे प्रत्येक वेळी मोबाइल, स्टेटस आणि निळ्या खुणा असं नको. पाच वर्षांनी ॲप बदललं की गाणं शिळं होईल. भावगीतांनी टिकाऊ शब्द वापरले ते काही उगीच नाही.

उलटा_फोन
म्हणून तर ओळीत ॲपचं नाव नाही. 'वाचलंस' पत्रालाही चालतं. वस्तू एकच घ्या आणि तिचं काही करा. 'मी फोन उलटा ठेवलाय, जेवण वाढलंय' यात दोन क्रिया आहेत, दुःख हा शब्द नाही. 'हृदय', 'श्वास', 'स्वप्न' यांतला एक शब्द पूर्ण गाण्यात एकदाच, तोही चालत असेल तर. आणि गाणाऱ्याची स्वतःची चूक एका ओळीत तरी कबूल झाली पाहिजे. सगळा दोष तिचा असेल तर ते प्रेमगीत नव्हे, तक्रार अर्ज.

ओटीवरचा_झोपाळा
तक्रार अर्ज! हे मान्य. पण लाटा, गाज, सुरूचं बन हेही वगळा मग. कोकणातलं म्हटलं की प्रत्येक गाण्यात समुद्र रडतोच.

दर्यातला_खडक
रेकॉर्डिंगचं सांगतो.

माइक डायनॅमिकच वापरा. दमट हवेत कंडेन्सरच्या कॅप्सूलवर ओल बसली की विद्युतभार गळतो आणि तडतड सुरू होते. तो बाहेर काढायचाच असेल तर डब्यात सिलिकासोबत ठेवलेला असावा, आणि काम झालं की परत आत. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण कंडेन्सरपुरतंच. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठी हाक −१२ डीबीच्या आसपास जाईल, २४ बिटमध्ये त्याहून वर जायची गरज नाही.

जागा पडवी नव्हे. पत्र्यावरचा पाऊस सगळ्या कंपनांवर पसरलेला असतो, तो नंतर कशानेही निघत नाही. रातकिडे त्या मानाने बरे, त्यांची पट्टी अरुंद असते, तेवढीच कापता येते. माजघर घ्या. गिलावा न केलेला जांभा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, आवाज एकसारखा परत फेकत नाही. तो भाड्याच्या स्टुडिओतल्या फोमपेक्षा कानाला बरा लागतो. गिलावा केलेला असेल तर मागे गोधडी टांगा. पंखा बंद, फ्रिज बंद, लॅपटॉप बॅटरीवर. वीज गेली आणि घर इन्व्हर्टरवर असेल तर थांबा. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर बेसच्या पिकअपमध्ये करवतीसारखा वाजतो. साधी ५० हर्ट्झची घुंई असेल तर बेस घेऊन जागच्या जागी वळा, एका कोनात ती खूप कमी होते.

घुमारा प्लगइनमधून घेण्याआधी हे करून बघा. मोटाउनच्या घराच्या पोटमाळ्यावर इको चेंबर होतं. तुमच्याकडे फरशी लावलेली न्हाणी आहे. आत बादल्या, टॉवेल काही नको. स्पीकर कोपऱ्याकडे तोंड करून, माइक समोरच्या कोपऱ्यात, त्याची पाठ स्पीकरकडे. फक्त गायकाचा ट्रॅक वाजवा आणि खोलीचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या. पाठवताना ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा, नाहीतर खालचा गडगडाट आणि सकारांचा फवारा परत येतो. हा घुमारा मोनो ठेवा, मध्यभागी. गायकाच्या मागे थेट चिकटला तर ८० मिलिसेकंद उशिरा सुरू करा.

चिऱ्याचं_घर
आणि खरखर? कॅसेट डेकही आहे घरात.

दर्यातला_खडक
खरखर पुसून टाका. ती तबकडीवरच्या धुळीची आणि ओरखड्यांची. त्या काळी स्टुडिओत कोणालाच नको होती. मोटाउनवाले मोटारीच्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर लावून बघायचे, गाणं स्वच्छ पोचतंय का म्हणून. तुम्ही रिक्षातल्या स्पीकरवर लावून बघा. आजचे लोक टेप वापरतात, ब्रुकलिनच्या डॅप्टोन या रेकॉर्ड कंपनीने आठ ट्रॅकच्या टेपवर नाव कमावलं, पण तिथे खरं काम मर्यादेचं आहे: आठच ट्रॅक, म्हणजे वाजवण्याआधी ठरवावं लागतं. तुम्हीही आठच घ्या. बेस, धूम्या, टाळ्या, गिटार, पेटी, ट्रंपेट, गायक, झील. झाले आठ.

डेक वापरायचाच तर आधी कॅसेट उजेडात धरा. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूच नका, हेडला चिकटून पुढची प्रत्येक कॅसेट खराब होईल. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पूर्ण मिक्स टेपवर नेऊ नका, लय किंचित डुलते आणि परत जुळत नाही. फक्त पेटी आणि गिटार एकत्र करून न्या, डुलणं तिथे शोभतं.

पेटीमास्तर
गाणाऱ्यासाठी एक राहिलं. गळ्यावर शास्त्रीय किंवा नाट्यगीताचे संस्कार असतील तर प्रत्येक शब्दावर मुरकी येते. सोलमध्ये हरकत ओळ संपल्यावर, रिकाम्या जागेत. चाल भूपाच्या पाच स्वरांत असेल तर फक्त शेवटच्या शब्दावर कोमल गंधाराला स्पर्श करून शुद्धवर सरकायचं. नेमका मधला स्वर पेटीवर नाही, म्हणून त्या क्षणी पेटीने गंधार सोडून षड्ज-पंचम धरावं. पेटीवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो मदत म्हणून शुद्ध गंधार दाबून ठेवेल.

चिऱ्याचं_घर
तेच चाललं होतं. धृपदाच्या शेवटी काहीतरी घासत होतं, गाणाऱ्याला तीनदा परत गायला लावलं. पेटी षड्ज-पंचमावर आणली, घासणं गेलं. ट्रंपेट रविवारी.

झीलकरी
रविवारी ट्रंपेट खोलीच्या दारात उभा करा, वाद्याचा भोंगा बाहेरच्या बाजूला, माइक आत. आणि धृपदाच्या आधीचे दोन बार त्याला काही देऊ नका.